आधी विचारलं, मग दवाखाना मांडला

बचत गटाच्या बैठकीत एक गोष्ट नेहमी निघते. गावात एखादी संस्था येते, सतरंजी अंथरली जाते, आपली नावं लिहून घेतात, फोटो काढतात. पुढं काय झालं ते कुणालाच कळत नाही. हिमायतनगरात आम्हालाही एकदा शिलाई मशिनी मिळाल्या होत्या. शिवता कुणाला येतं, हे देणाऱ्यांनी विचारलंच नव्हतं. त्यातली एक मशीन अजून पोत्याखाली झाकून ठेवलेली आहे.

संस्था ख्रिस्ती मिशनची असली की आणखी एक शंका असते. हे धर्म बदलायला तर आले नाहीत ना? ही शंका मनात ठेवून कुजबुजण्यापेक्षा आधी काय काय घडलं ते बघितलेलं बरं. म्हणून आज जामखेडची गोष्ट.

त्याआधी थोडं आपल्या मराठवाड्याचं. एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या राज्यात, नारायण शेषाद्री नावाचे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण जालन्याला काम करत होते. निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची नवी वस्ती वसवली. ख्रिस्ती झालेल्या मांग-महार कुटुंबांना तिथं घर मिळालं, शाळा मिळाली. गावकीच्या जाचातून सुटलेल्या माणसाला त्याची किंमत विचारा! पण वस्ती वेगळी झाली की मूळ गाव होतं तसंच राहतं. पाणवठा तोच, शिवाशिव तीच. पुष्कळ ठिकाणी मिशनचं काम असं कंपाऊंडच्या आत वाढलं. आत दवाखाना, आत शाळा, आणि बाहेर गाव. आत काय करायचं ते मिशनचे साहेब ठरवत.

हे कंपाऊंड ओलांडणारी माणसं त्याच परंपरेतून निघाली. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको दोघंही श्रद्धाळू ख्रिस्ती, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९६० साली लग्न झालं तेव्हाच दोघांनी ठरवलं, की खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचं. आधी नेवासा तालुक्यातल्या वडाळा मिशनच्या दवाखान्यात राहिले. तिथं एक गोष्ट त्यांना खटकायला लागली. हगवणीनं सुकलेलं लेकरू यायचं, बरं होऊन जायचं, आणि तेच लेकरू पुन्हा यायचं. औषध दवाखान्यात होतं, दुखणं मात्र गावातल्या पाण्यात नि रिकाम्या भांड्यात होतं. मग दोघं अमेरिकेला जाऊन सार्वजनिक आरोग्य शिकून आले, आणि १९७० साली जामखेडला कामाला लागले.

जामखेड म्हणजे नगर जिल्ह्याचं, आताच्या अहिल्यानगरचं, बीडला लागून असलेलं टोक. अहिल्याबाई होळकरांचं चौंडी याच तालुक्यात. कायमचा दुष्काळी भाग. आरोळे तिथं आपण होऊन जाऊन बसले नाहीत. तिथल्या पुढाऱ्यांशी आधी बोलणं झालं, त्यांनी या म्हटलं, जागाही त्यांनीच दिली. ती जागा होती गुरांचा जुना दवाखाना.

मग त्यांनी गावोगाव विचारलं, तुम्हाला काय हवं? कुणीही दवाखाना म्हणालं नाही. लोक म्हणाले पाणी आणि खायला. डॉक्टरला हे ऐकायला अवघडच! पण त्यांनी ऐकलं. १९७२ चा दुष्काळ तर सगळ्यांच्याच घरात होता. बोअर घेऊन हातपंप बसवायचे ठरले, तेव्हा ते दलित वस्तीत बसवण्यावर त्यांनी भर दिला. पाणी हवं तर वरच्या आळीनं खालच्या वस्तीत घागर घेऊन यायचं. शिवाशीव पाळू नका असं भाषण केलं असतं तर किती जणांनी ऐकलं असतं? तहानेनं ते काम केलं. तरुणांना एकत्र आणायला डॉक्टर स्वतः व्हॉलीबॉल खेळत. त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली, पुढं महिला मंडळं.

चुकाही झाल्या. सुरुवातीला शिकलेल्या नर्सबाई गावात ठेवून पाहिल्या. त्यांना परक्या गावात एकटीनं राहायची भीती वाटे, आणि गावालाही त्या आपल्या वाटत नव्हत्या. मग असं ठरलं, की बाई गावचीच हवी, आणि ती गावानंच निवडायची. निवडल्या गेलेल्या पुष्कळ जणी अक्षरओळख नसलेल्या होत्या, कित्येक दलित घरातल्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकाच खोलीत झोपत. हे पहिल्या दिवसापासून सोपं नव्हतं. कुणी कुणाच्या हातचं खायचं, इथूनच अडायचं. वही नव्हती, म्हणून सगळं गाण्यात नि गोष्टीत शिकायचं. सुरक्षित बाळंतपण कसं करायचं, हगवण लागल्यावर मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, अंगावरचा बधिर चट्टा कसा ओळखायचा. कुष्ठरोग्याला वेगळं न काढता इतर रोग्यांच्या रांगेतच तपासायचं, हेही तिथं ठरलेलं होतं. आणि उपचार करताना कुणाला धर्म बदलायची अट नव्हती.

कामाला लागले तेव्हा त्या गावांत जन्मलेल्या हजार लेकरांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. १९९६ पर्यंत हा आकडा २६ वर आला. यात डॉक्टरांचा हात आहेच, पण रात्री-अपरात्री दार वाजल्यावर उठून गेलेल्या त्या बायांचा जास्त आहे, असं आम्हाला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये काढलेल्या पुस्तकात जामखेडवर एक प्रकरण आहे. १९७९ साली आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते, ती सांगून टाकतो. गावच्या बाईची सेवा म्हटली की तिच्या मोबदल्याचा विषय सगळेच मागं टाकतात. २००५ पासून देशभर आशाताई आल्या. गावचीच बाई गावचं आरोग्य सांभाळू शकते हा विचार जामखेडनं तीस-पस्तीस वर्षं आधी करून दाखवला होता. पण आज आशाताईंना मानधनासाठी मोर्चे काढावे लागतात. मान दिला, दाम राहिला. भागीदारी म्हणायची तर हाही हिशेब त्यात धरायला हवा, मग संस्था मिशनची असो, सरकारी असो, की आपल्याच जातीतल्या कुणाची.

आणि आता ते धर्माचं. आरोळ्यांनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही. येशूनं रोग्याला हात लावला, बाईशी बरोबरीनं बोलला, हे त्यांच्या कामाचं मूळ होतं. पण म्हणून लोकांनी आपल्यासारखं व्हावं असं त्यांनी मागितलं नाही. आपल्या गटात तुळशीला पाणी घालणारी आहे, नमाज पढणारी आहे, बुद्धवंदना म्हणणारी आहे. तिथल्या बायाही अशाच मिसळलेल्या होत्या. म्हणून पुढच्या वेळी कुणी संस्थेची गाडी घेऊन आलं, की आम्ही आधी धर्म विचारणार नाही. तुम्हाला इथं कुणी बोलावलं, काय करायचं ते कोण ठरवणार, आणि तुम्ही गेल्यावर हे काम कुणाच्या हातात राहणार, हे विचारू. शिलाई मशिनीच्या वेळी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. जामखेडचं काम चालू राहिलं. देशोदेशीचे डॉक्टर नि विद्यार्थी तिथं शिकायला येत राहिले. त्यांना शिकवायला ज्या उभ्या राहतात, त्यांत लुगडं नेसलेल्या, त्याच गावांमधल्या आरोग्य सेविका असतात.