पेगी ली : आवाज आणि हक्क

जॅझ गायिका व गीतकार पेगी ली (मूळ नाव नॉर्मा डेलॉरिस एगस्ट्रॉम) यांचा जन्म २६ मे १९२० रोजी अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात जेम्सटाऊन येथे झाला. १९४१ मध्ये त्या बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाल्या. अशा वाद्यवृंदांपुढे लोक जमत ते बहुधा नाचण्यासाठी. गोंगाटात आवाज चढवण्याऐवजी ली तो खाली आणीत, आणि सभागृह शांत होई. १९५८ चे ‘फीव्हर’ याच शैलीतले. त्यातील काही ओळी त्यांनीच रचल्या, श्रेय मात्र मिळाले नाही.

डिस्नेच्या ‘लेडी अँड द ट्रॅम्प’साठी (१९५५) त्यांनी सनी बर्क यांच्यासह गीते रचली, चार पात्रांना आवाजही दिला. १९८७ मध्ये या चित्रपटाच्या व्हिडिओ कॅसेट बाजारात आल्या. विक्रीसाठी प्रती काढण्यास आपली संमती हवी, हे जुन्या करारातील कलम पुढे करून ली यांनी १९८८ मध्ये दावा गुदरला. व्हिडिओचा जमाना येण्याच्या कितीतरी आधीचे ते कलम! १९९१ मध्ये त्यांना २३ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली. २१ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.