ही तबकडी कोणाची?

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर एखादी लोखंडी ट्रंक असते आणि तिच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काळ्या, जड तबकड्या असतात. चावीचा फोनो केव्हाच मोडीत गेलेला असतो. तबकड्या मात्र आजोबांची आठवण म्हणून राहून गेलेल्या. मधला गोल कागद कसरीने खाल्लेला, अक्षरे पुसट. “कोणत्या कंपनीची ते कळत नाही, द्या टाकून,” असे घरातील कोणीतरी म्हणतोच. वाचकहो, तसे करण्यापूर्वी थोडे थांबावे. कागद गेला म्हणून तबकडी बेवारस होत नाही.

हिंदुस्थानच्या भूमीवर तबकड्यांचे ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीने त्यासाठी फ्रेडरिक गाइसबर्ग यांस पाठविले होते. गाणे येथे मेणाच्या जाड चकतीवर कोरले जाई, पण तबकडी छापली जाई जर्मनीत, हॅनोव्हर गावी. गंमत पाहा, तबकडी ज्या लाखेची बनते ती लाख मुख्यतः आपल्याच देशातून परदेशी जात असे आणि आपलीच गाणी अंगावर घेऊन परत येत असे! कलकत्त्यास सियालदह येथे कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. म्हणून ज्या लेबलावर हॅनोव्हरचे नाव दिसते ती तबकडी साधारणतः त्यापूर्वीची समजावी. कंपनीच्या नावात ‘टाइपरायटर’ हा शब्द आढळला तर आणखी खात्री, कारण ‘ग्रामोफोन अँड टाइपरायटर’ हे नाव १९०० च्या अखेरीपासून १९०७ पर्यंतच चालले.

हॅनोव्हरच्या कामगारांना आपल्या भाषा कोठून येणार? कोणते गाणे कोणाचे हे त्यांना कळावे म्हणून गाणे संपताच गायकाने आपले नाव मोठ्याने सांगावे असा रिवाज पडला. गौहरजान बाईंनी तर ते इंग्रजीत सांगितले आणि तेवढ्यानेही त्या प्रसिद्ध झाल्या. तेव्हा लेबल पार गेले असले तरी जुनी तबकडी शेवटपर्यंत ऐकावी. कलावंत स्वतःच आपली ओळख देऊन जातो.

वाजविण्याचे यंत्र नसेल तर डोळ्यांनी काम करावे. विद्यार्थ्यांनी हे आवर्जून करून पाहावे. तबकडी दिव्यासमोर तिरपी धरा. रेघा संपतात आणि कागद सुरू होतो त्या गुळगुळीत पट्टीवर बारीक आकडे व अक्षरे दिसतील. हा मूळ साच्याचा क्रमांक. मेणावर कोरलेला आकडा धातूच्या साच्यात उतरतो व तेथून प्रत्येक प्रतीवर येतो. लेबल म्हणजे अंगरखा आहे. एकच गाणे कंपनीने आज एका नावाने, चार वर्षांनी स्वस्तातल्या दुसऱ्या नावाने विकले, असे पुष्कळदा झाले. आकडा मात्र अंगावरच्या तिळासारखा, तो बदलत नाही. दोन निराळ्या लेबलांवर तोच आकडा दिसला तर गाणे एकच हे ओळखावे. याखेरीज लेबलावर विक्रीचा क्रमांक असतो तो वेगळा. ग्रामोफोन कंपनीच्या आरंभीच्या पद्धतीत १२००० चा गट पुरुषांचा आणि १३००० चा गट स्त्रियांचा होता. नाव वाचता आले नाही तरी गाणारा की गाणारी एवढे तरी त्यावरून कळते.

इतर कंपन्यांच्या खुणा आणखी मनोरंजक आहेत. घुमटाची इमारत असेल तर ओडियन. लांब मानेचा रोहित पक्षी असेल तर बर्लिनची बेका. या दोन्ही जर्मन कंपन्यांचा येथील व्यापार १९१४ च्या महायुद्धाने बंद पडला. ओडियन पुढे पुन्हा आली आणि मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या अखेरच्या काळातील प्रसिद्ध तबकड्या तिच्याच. तबकडी हलकी, तपकिरी, पुठ्ठ्यावर सेल्युलॉइडचा थर दिलेली असेल तर ती निकोल. जुन्या पाथे तबकडीला कागदच नसे. अक्षरे तबकडीतच कोरलेली असत आणि सुई आतून बाहेर धावे! कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस यांनी आपली गाणी पाथेकडून अशाच तबकड्यांवर काढून घेतली.

हे सारे परदेशी कारखान्यांचे झाले, आणि मोठ्या कंपन्यांची दप्तरे शाबूत असल्याने त्यांचा शोध लागतोही. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने ग्रामोफोन कंपनीच्या आरंभीच्या हिंदी ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. खरी अडचण आपल्या देशी कंपन्यांची आहे. मुंबईत वडाळ्यास १९३५ साली नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने ‘यंग इंडिया’ नावाने तबकड्या काढण्यास आरंभ केला. मोठे कलावंत बहुधा मोठ्या कंपन्यांशी करारबद्ध. म्हणून या कंपनीने नवशिक्या व हौशी मंडळींना गाऊ दिले. सुमारे वीस वर्षांनी ती बंद पडली. कलकत्त्याच्या ‘मेगाफोन’ने अख्तरीबाई फैजाबादी, म्हणजेच पुढच्या बेगम अख्तर, यांना घेतले आणि ‘हिंदुस्थान’ने सैगल यांना, म्हणून त्या कंपन्यांची नावे तरी टिकली. पण ज्या हौशी गायकाने एकच तबकडी दिली आणि जो पुन्हा कधी गायला नाही, त्याचा पुरावा कोठे शोधायचा? तो त्या तबकडीवरच असतो, आणि कदाचित एखाद्याच घरातील ट्रंकेत. मला तर बड्या गवयाच्या दहा प्रतींपेक्षा अशी एक तबकडी अधिक मोलाची वाटते.

म्हणून घरी तबकडी सापडली की वहीत दोन्ही बाजूंची टिपणे वेगवेगळी करावीत. लेबलाचा रंग, चित्र, लिपी (उर्दू, गुजराती, बंगाली, देवनागरी, जी असेल ती), छापील क्रमांक आणि पट्टीवरचा कोरीव क्रमांक. कोरीव अक्षर लागत नसेल तर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवावी. भिंग असल्यास उत्तम.

धूळ मऊ कोरड्या फडक्याने पुसावी व कागदाला पाणी लागू देऊ नये. स्पिरिट तर मुळीच वापरू नये. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्येच विरघळवितो, हे आपण पाहिलेच असेल.