खाडीकाठची पंधरा घरे

आयर्लंडला सुटीसाठी जाणारी कुटुंबे तेथील हिरवी कुरणे आणि उसळता सागर पाहण्यास जातात. परंतु त्या देशाचा किनारा व खेडी हिंडू लागले की पावलोपावली ख्रिस्तसभेचा इतिहास सामोरा येतो. ग्लेन्डालॉकच्या दरीत सहाव्या शतकात संत केविन यांनी स्थापन केलेल्या मठाचे अवशेष आहेत. भर समुद्रातील स्केलिग मायकेलच्या सुळक्यावर व्रतस्थांनी रचलेल्या दगडी झोपड्या आजही उभ्या आहेत. जुलैच्या अखेरच्या रविवारी हजारो भाविक संत पॅट्रिक यांच्या नावाचा डोंगर चढतात. सहल आणि श्रद्धेचा पाठ तेथे एकाच वाटेने चालतात.

अशी वाट डोंबिवलीच्या कुटुंबांनाही उपलब्ध आहे, आणि तिच्यासाठी विमानाचे तिकीट काढावे लागत नाही. ती वाट म्हणजे आपल्या गावाला वळसा घालून जाणारी उल्हास नदीची खाडी. कल्याणला डोंगरातले पाणी आणि भरतीचे पाणी एकमेकांस भेटतात. पुढे ठाण्याजवळ या पाण्याला फाटा फुटतो. मुख्य प्रवाह वसईपाशी समुद्राला मिळतो, तर दुसरी शाखा ठाण्याच्या खाडीत उतरते. रस्ते आणि रूळ येण्यापूर्वी शेकडो वर्षे हाच या प्रदेशाचा राजमार्ग होता.

या मार्गावरील पहिला मुक्काम कल्याण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या बंदराचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नोंद आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ख्रिस्ती लेखकाने ‘कल्लियाना’ येथे इराणात दीक्षा मिळालेला बिशप असल्याचे लिहून ठेवले. अनेक अभ्यासकांच्या मते ते नगर म्हणजेच आपले कल्याण होय. दुर्गाडीच्या पायथ्याशी उभे राहून खाडीकडे पाहताना मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

दुसरा मुक्काम ठाणे. इ. स. १३२१ मध्ये कोल्लमकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन व्रतस्थ वाऱ्याच्या ओढीने ठाण्याच्या बंदरी लागले. टोलेन्टिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि जॉर्जियाचे डेमेट्रियस अशी त्यांची नावे. त्यांच्यासमवेत जॉर्डानस हे डोमिनिकन धर्मगुरूही होते. त्या वेळी ठाण्यात पूर्वेकडील नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. पंधरा घरे म्हणजे आपल्याकडील एखाद्या इमारतीचे दोन जिने! त्यांतील एका घराने या अनोळखी पाहुण्यांना आसरा दिला. पंथ वेगळा, भाषा वेगळी. तरीही दार उघडले गेले.

जॉर्डानस भडोचकडे गेले असता या घरातील पतिपत्नींचे भांडण झाले. मार खाल्लेल्या पत्नीने काझीकडे दाद मागितली आणि साक्षीदार म्हणून या व्रतस्थांची नावे सांगितली. सामान राखण्यासाठी पीटर घरीच थांबले. तिघे न्यायसभेत गेले. तेथे साक्ष बाजूला राहून धर्माविषयी वाद पेटला. नगराच्या मलिकाने त्यांना वाचविण्याच्या हेतूने खाडीपलीकडील वस्तीत धाडले. पण पुढे काझीच्या आग्रहाला बळी पडून त्यानेच मारेकरी पाठविले. ९ एप्रिल रोजी तिघांचा शिरच्छेद झाला आणि ११ एप्रिल रोजी पीटर यांनाही ठार करण्यात आले. जॉर्डानस यांनी परतल्यावर त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले. थॉमस यांच्या भक्तीस ख्रिस्तसभेने १८९४ मध्ये मान्यता दिली.

लवकरच ओडोरिक हे फ्रान्सिस्कन प्रवासी ठाण्यास आले. त्यांनी या रक्तसाक्षींच्या अस्थी वस्त्रांत गुंडाळून थेट चीनमधील आपल्या बंधूंच्या मठात नेल्या. ही सारी कथा तपशिलाने सांगणारा त्यांचा प्रवासवृत्तांत युरोपभर वाचला गेला. या प्रवासाच्या काही भागात तरी ओडोरिक यांचे सोबती होते आयर्लंडचे ब्रदर जेम्स. १३३१ मध्ये उदिने नगरात ओडोरिक निवर्तले, त्यानंतर नगराच्या खजिन्यातून या आयरिश सोबत्यास दोन मार्क दिल्याची नोंद आहे. आयर्लंडच्या किनाऱ्याचा आणि आपल्या खाडीचा धागा असा सातशे वर्षे जुना आहे.

तिसरा मुक्काम वसई. कोपरहून वसईकडे जाणारी गाडी काही मिनिटांतच उल्हास खाडी ओलांडते. मुलांना खिडकीपाशी बसवावे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली; १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व येशूसंघीय मंदिरांच्या छप्पर नसलेल्या भिंती त्या दोन शतकांची साक्ष देतात. येथे जन्मलेले ब्रदर गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले व १८६२ मध्ये संतपदास पोहोचले. मात्र मुलांना अर्धाच इतिहास सांगू नये. पोर्तुगीज अमदानीत धर्मप्रसारामागे राजसत्ता उभी होती आणि हिंदू बांधवांची देवळेही पाडली गेली, हेही त्याच भिंतींजवळ उभे राहून सांगावे. सत्य सांगितल्याने श्रद्धा दुबळी होत नाही.

हे सारे पाहण्याची निकड का? डोंबिवलीतील आपली कुटुंबे वसई, गोवा, मंगळूर, केरळ, अहमदनगर अशा ठिकाणांहून नोकरीनिमित्त आली. आपली मुळे अन्यत्र आहेत, येथे आपण केवळ बिऱ्हाडकरू, अशी भावना मुलांच्या मनात सहज रुजते. त्यातच ‘तुमचा धर्म फिरंग्यांनी आणला’ असे कोणी म्हटले की ती निरुत्तर होतात. उत्तर खाडीकाठी आहे. वास्को द गामा कालिकतला पोहोचला १४९८ मध्ये. त्यापूर्वी १७७ वर्षे ठाण्यात ख्रिस्ती माणसे शेजाऱ्यांमध्ये संसार करीत होती. त्यांच्यापाशी ना तोफा होत्या, ना किल्ले. मात्र हे उत्तर वाद जिंकण्यासाठी नव्हे. सातशे वर्षांपूर्वीच्या काझीचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडे मागणे हा त्या रक्तसाक्षींचाच अपमान ठरेल.

धीम्या लोकलने कळवा सोडले की ठाण्याच्या आधी खाडीवरचा पूल लागतो. आपल्यापैकी कितीतरी जण तो दररोज दोनदा ओलांडतात. याच खाडीच्या पैलतीरी त्या तिघांनी पहाटेच्या प्रार्थनेच्या वेळी प्राण दिले. येत्या सुटीत मुलांना तो पूल दाखवावा, त्या चौघांची नावे सांगावीत आणि त्यांना आसरा देणाऱ्या त्या निनावी घरासाठीही एक प्रार्थना करावी. ज्या घराने परक्याला दार उघडले, त्या घरापासून या तीरावरील आपला इतिहास सुरू होतो. तो पुढे चालवायचा असेल तर आपलीही दारे उघडी असावयास हवीत.