थंडावा कुणासाठी? : खामगावचा कापूस आणि वातानुकूलन

बुलडाणा जिल्ह्यात माणसाची ओळख करून घेताना गावाच्याही आधी एक प्रश्न हमखास येतो : घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बुलडाणा, चिखली, मेहकर वर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव खाली, पूर्णेच्या खोऱ्यात. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, तर खामगाव त्याच्या निम्म्याहूनही कमी. उंची किलोमीटरभर वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने वर-खालचा फरक दोन-अडीच अंशांचाच. परंतु मे महिन्यात ज्याने राजूर घाट उतरला आहे, त्याला हे दोन अंश म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर जिल्ह्याचे ठाणे झाले ते घाटावर. कापसाचा मोठा बाजार भरला तो घाटाखाली. कचेरी थंडाव्यात आणि कापूस उन्हात, ही विभागणी पुढील इतिहास वाचताना ध्यानात ठेवावी.

यंत्रापूर्वी थंडावा नव्हता असे नाही. धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत व छप्पर दिवसाचे ऊन आत पोचू देण्यास इतका वेळ लावीत, की तोवर संध्याकाळ होई. ज्यांना ऐपत होती ते दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावीत व त्यांवर पाणी मारवीत. यामागील शास्त्र साधे आहे. ताटीवरचे एक लिटर पाणी उडून जाताना जितकी उष्णता शोषते ती जवळपास दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी भरते. वऱ्हाडातील आजचा कूलर म्हणजे याच ताटीला पंखा आणि पंप जोडलेला. इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांत छताला टांगलेला कापडी पंखा असे, आणि त्याची दोरी बाहेर व्हरांड्यात बसलेल्या माणसाच्या हाती असे. साहेबाचा वारा आणि पंखेवाल्याचा घाम ही एकाच दोरीची दोन टोके होती. ताटीवर पाणी मारणाराही ताटीच्या बाहेरच उभा असे, उन्हाच्या बाजूला.

आता खामगावकडे वळू. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडील कापूस अडला आणि इंग्लंडातील गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८७० साली जलंब ते खामगाव ही सुमारे १३ किलोमीटरांची रेल्वे सुरू झाली, आणि एवढ्याशा लाइनीच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. खामगावची गणना तेव्हा हिंदुस्थानातील मोठ्या कापूस-बाजारांत होत होती. येथे कापूस घेणाऱ्या युरोपीय पेढ्यांमध्ये व्होल्कार्ट ब्रदर्स ही एक होती. १८५१ साली स्वित्झर्लंडमधील विंटरथूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी स्थापन झालेली ही पेढी. या नावाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

ज्या यंत्राला आपण आज सर्रास ‘एसी’ म्हणतो, त्याचा जन्म माणसाच्या सुखासाठी झाला नाही, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा आवरणारी योजना आखली. दमट हवेत कागद फुगे आणि एकावर एक छापायचे रंग जागचे हलत. दुखणे कागदाचे होते. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द तर थेट कापूस-गिरणीतून आला. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून गिरणीत त्याला योग्य तो दमटपणा देत. या क्रियेला ‘कंडिशनिंग’ म्हणत. स्टुअर्ट क्रेमर या गिरणी-अभियंत्याने १९०६ साली तोच शब्द हवेला लावला. म्हणजे वातानुकूलन प्रथम लाभले ते कागदाला आणि कापसाच्या धाग्याला. धागा सांधणारा मजूर त्याच हवेत उभा होता. पण ती हवा त्याच्यासाठी नव्हती.

आता ते नाव. १९५४ साली व्होल्कार्ट ब्रदर्स आणि टाटा सन्स यांनी मिळून एक कंपनी काढली; दोन्ही नावांचे तुकडे जोडून तिला ‘व्होल्टास’ म्हटले. तिचे नाव पुढे भारतात वातानुकूलन यंत्राशी कायमचे जोडले गेले. खामगावच्या कापसावरच ही कंपनी उभी राहिली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पेढीचा व्यापार हिंदुस्थानभर पसरलेला होता. तथापि ज्या नावाच्या पेढीने येथील गाठी बाहेर नेल्या, त्याच नावाचा अर्धा भाग आज खामगावच्या दुकानांतील थंड यंत्रांवर परत आला आहे, एवढे निश्चित.

यंत्र आले, पण जुनी दोरी सुटली का? दुकानात ‘एक टन की दीड टन’ असे विचारतात. हा टन बर्फाचा आहे : एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेईल, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची क्षमता. ही उष्णता नाहीशी होत नाही. यंत्र ती उचलून, खर्ची पडलेल्या विजेची उष्णता तीत मिळवून, बाहेर गल्लीत टाकते. गल्लीत हातगाडीवाला उभा असतो. बाहेरचे यंत्र दुरुस्त करणारा पोरगा एप्रिलच्या भर दुपारी सज्जावर चढलेला असतो, कारण आतल्यांना थंडावा नेमका तेव्हाच हवा असतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाच्या जागेतील हवा आणि तापमान सुसह्य ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली, हे खरेच मोठे पाऊल होते. पण मे महिन्यात पुढच्या पेरणीसाठी रान साफ करताना पऱ्हाट्या वेचणाऱ्या बाईच्या डोक्यावर कारखान्याचे छप्परच नाही. कापसाच्या धाग्याला सोसवेल अशी हवा कोणती, हे जगाला १९०६ सालीच ठाऊक झाले होते. कापूस पिकवणारीला किती ऊन सोसवते, हा प्रश्न घाटाखालच्या शेतात अजून कुणी नीट विचारलेला नाही.