पनवेलची औषधशाळा

मुंबई-पुण्याच्या वाटेवरील पनवेल हें एके काळीं गजबजलेलें बंदर होतें. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. घाटावरचा माल येथें उतरे व खाडींतून गलबतांनीं मुंबईस जाई. १८६३ सालीं घाट चढून आगगाडी धावूं लागली, ती मात्र कर्जतवरून. पनवेल बाजूस राहिलें. अशा गांवीं नवें भांडवल कोण गुंतवील? तरीहि १८७२ सालीं वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं येथेंच 'श्रीधूतपापेश्वर' ही औषधशाळा काढली. (राजापुराजवळील शिवस्थानाचें हें नांव रोग धुणाऱ्या संस्थेसहि शोभतें!)

याचें मर्म या धंद्याच्या स्वरूपांतच आहे. काढा केव्हां उतरावा, भस्मास किती पुटें द्यावीं, हें कसब जेथें वैद्य बसतो तेथेंच शिष्यांस मिळतें. तें गाडींत भरून नेतां येत नाहीं. शिवाय जवळ कर्नाळा-माथेरानचें रान आणि खाडीपलीकडे मुंबईचें गिऱ्हाईक. भस्में व गुटिका वजनानें हलक्या, मोलानें भारी. त्यांस रुळांची वाट पाहावी लागत नसे.

पुढें रंग व औषधें यांस लागणाऱ्या मूळ रसायनांसाठीं १९६० सालीं स्थापन झालेल्या 'हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स' या सरकारी कंपनीचा कारखानाहि पनवेलजवळ, पाताळगंगेच्या पाण्याशीं, रसायनी येथें उभा राहिला.