पेवातली ज्वारी, बाजारातला कापूस

वऱ्हाडातल्या तिवस्याच्या काळ्या जमिनीत पैसा कापसातून आला, पण घराची तजवीज पेवात होती. माणूस उतरेल एवढा खड्डा खणायचा, आतून कडबा लावायचा, ज्वारी भरून तोंड मातीने लिंपायचं. उघडल्यावर आधी कोंदट हवा जाऊ द्यावी लागे. घाईने उतरणारा गुदमरायचा. १८५३मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, आणि १८६१ ते १८६५च्या अमेरिकी यादवीने कापसाला सोन्याचा भाव दिला. युद्ध संपताच भाव कोसळले. कापसाचा पेरा मात्र हटला नाही, सावकाराची वहीही मिटली नाही.

कापसाने सुबत्ता आणली, हे कबूलच. शेतसारा रोखीतच भरायचा होता. पेवातलं धान्यही ओलीने सडे, आणि भूमिहीन मजुराला पेव कुठलं? १८९९-१९००च्या दुष्काळात त्याची मजुरी गेली आणि ज्वारी महागली. तरीही माझ्या मते चूक नगदी पीक घेण्यात नव्हती. सारा भरवसा एकाच भावावर टाकण्यात होती. कापसाच्या ओळींत तुरीचं तास ठेवणारा शेतकरी हे ओळखून होता: बोंडं गेली, तरी निदान वरणापुरती तूर घरात यावी.