‘फ्युचर-रेडी’ शाळा म्हणजे नेमकं काय? स्मार्ट बोर्डच्या पलीकडे काय पाहावं?

नाशिकचं इंदिरानगर हे मुंबई-आग्रा महामार्गालगतचं निवासी उपनगर. प्रवेशाचे दिवस आले की अशा उपनगरांत शाळांच्या जाहिराती झळकू लागतात. डिजिटल वर्ग, एसी, रोबोटिक्स लॅब आणि त्यासोबत एक शब्द हमखास असतो, ‘फ्युचर-रेडी’. स्मार्ट सिटी योजनेतून नाशिक महापालिकेच्या शाळांमध्येही डिजिटल वर्गांचं काम झालं. पण एवढं असलं की शाळा भविष्यासाठी तयार झाली का?

एक साधा हिशोब करून पाहू. आज तीन वर्षांचं मूल बारावी होऊन बाहेर पडायला साधारण 15 वर्षं लागतील. तोवर आजचा स्मार्ट बोर्ड बदललेला असेल. खिडक्या, जिने, मैदान आणि खोल्यांची मांडणी मात्र बहुधा तीच असेल. म्हणून शाळेची जागा कशी आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तयारी कशाची करायची?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये 5+3+3+4 अशी रचना आहे. पहिली पाच वर्षं, म्हणजे वय 3 ते 8, खेळातून आणि कृतीतून शिकण्याची. सहावी ते आठवीच्या मुलांना सुतारकाम, बागकाम, मातीकाम अशा कामांची ओळख व्हावी, त्यासाठी 10 दिवस दप्तराविना असावेत, असंही धोरण सांगतं.

याचा थेट संबंध जागेशी आहे. लहान मुलांना जमिनीवर बसायला, लोळायला मोकळी खोली लागते. हातकामासाठी पाणी, भक्कम टेबल आणि पसारा चालेल असा कोपरा लागतो. जमिनीला ठोकलेले बाक आणि एका दिशेला तोंड करून बसलेली 50 मुलं, एवढीच सोय असेल तर धोरण कागदावरच राहतं.

उजेड, हवा आणि आवाज

चांगल्या वर्गात समोरासमोरच्या भिंतींना खिडक्या असतात, म्हणजे हवा आरपार जाते. उत्तर आणि दक्षिणेच्या खिडक्यांवर सावली करणं सोपं असतं. पश्चिमेचं दुपारचं ऊन थेट आत येतं आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये ते चांगलंच जाणवतं. सर्वांत वरच्या मजल्यावर स्लॅब तापतो. तिथे पांढरा उष्णतारोधक थर उपयोगी पडतो.

स्क्रीन आली की एक गंमत होते. बोर्डवर चकाकी येते म्हणून पडदे ओढले जातात आणि भर दिवसा ट्यूबलाइट लागतात. बोर्डची जागा खिडक्यांचा विचार करून ठरवली, तर ही वेळ येत नाही.

तिसरी गोष्ट आवाजाची. शिकवणं चालू असताना वर्गातला इतर आवाज 35 डेसिबलच्या वर नसावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. महामार्गाजवळच्या परिसरात हे कठीणच. त्यामुळे वर्ग रस्त्यापासून आत घेणं, रस्त्याच्या बाजूला जिना किंवा भांडारखोली ठेवणं असे उपाय आराखड्यातच करावे लागतात. नाहीतर मागच्या बाकावरच्या मुलाला शिक्षक नीट ऐकूच येत नाहीत.

महाराष्ट्रात हे कुणी करून दाखवलं?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला आदिवासी मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. ती ‘कुरणशाळा’. इमारतीआधी मुलाचा दिवस कसा जातो ते पाहायचं, हा धडा तिथला.

पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक दत्तात्रय वारे आणि गावकऱ्यांनी काचेच्या भिंतींचे वर्ग उभे केले. ‘शून्य ऊर्जा शाळा’ म्हणून ती गाजली. वारे पुढे खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत गेले. पटसंख्येअभावी बंद पडायला आलेल्या या शाळेला 2025 मध्ये जागतिक स्तरावरचा ‘कम्युनिटी चॉईस’ पुरस्कार मिळाला. तिथे मुलं ‘विषयमित्र’ होऊन एकमेकांना शिकवतात. त्यासाठी गटात बसता येईल अशी जागा हवीच.

नाशिक जिल्ह्यातच, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळी गावची जिल्हा परिषद शाळा वर्षभर, रोज सुमारे 12 तास उघडी असते. शिक्षक केशव गावित यांची ही शाळा दोन्ही हातांनी लिहिणाऱ्या मुलांमुळे प्रसिद्ध झाली. जागा किती वेळ मुलांना खुली असते, हाही रचनेचाच भाग आहे, हे हिवाळीत दिसतं.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, मैदान, ग्रंथालय आणि अडथळा नसलेला प्रवेश बंधनकारक आहे. पहिली ते पाचवीसाठी सर्वसाधारणपणे 30 मुलांमागे एक शिक्षक हवा.

रॅम्पचं उदाहरण घ्या. त्याचा उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा, असा निकष आहे. म्हणजे दीड फूट उंच जोत्याला किमान 18 फूट लांब रॅम्प लागतो. पायऱ्यांवर सिमेंट टाकून केलेल्या चढावरून व्हीलचेअर एकट्याने नेता येत नाही, आणि ते मूल कायम कुणाच्या तरी मदतीवर अवलंबून राहतं.

शाळा पाहायला जाताना

- भर दुपारी जा. लाइट बंद केल्यावर शेवटच्या बाकावर वाचता येतं का?
- शिक्षकांचा आवाज मागेपर्यंत पोहोचतो का?
- बाक हलवून गोल करता येतात का?
- मैदान रोज वापरतात की फक्त स्नेहसंमेलनाला?
- ग्रंथालयाला कुलूप आहे का? पुस्तकं मुलांच्या हाताला येतात का?
- रॅम्प स्वच्छतागृहापर्यंत जातो का?
- लॅबमधल्या वस्तू मुलं हाताळतात की काचेच्या कपाटात असतात?

या प्रश्नांची उत्तरं माहितीपत्रकात सापडत नाहीत. त्यासाठी शाळा भरलेली असताना तासभर तिथे थांबावं लागतं.